दोन फुटांच्या समुद्रात कोण कोण नांदेल?

प्रश्न : माझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. समुद्री मीठ घालून पाणी तयार केलं, चार आठवडे झाले, पाणी स्वच्छ दिसतंय. दुकानदारानं यादी दिली आहे : दोन निमो, एक डोरी, तीन निळे डॅमसेल, एक मँडरिन आणि जमलं तर छोटा लायनफिश. हे सगळे एकत्र राहतील का? (राजारामपुरी, कोल्हापूर)

नाही. यादीतले फक्त निमो, म्हणजे क्लाऊन, ठेवा. बाकीच्यांना तुमची टाकी पुरणार नाही.

हिशेब असा. टाकीचं माप ७० लिटर भरतं. खडक, वाळू आणि वर सोडलेली जागा वजा केली की खरं पाणी ५५ लिटरच्या आसपास उरतं. डोरी, म्हणजे ब्लू टँग, दुकानात बोटाएवढा असतो, पण वाढून फूटभर होतो आणि त्याला पोहायला लांबलचक टाकी लागते. मँडरिन दिवसभर खडकावरचे बारीक जीव टिपत फिरतो. अडीच-तीनशे लिटरची, वर्षभर मुरलेली टाकी असेल तरच त्याचं पोट भरतं. तुमच्याकडे तो रंगीत दिसत दिसतच उपाशी मरेल. लायनफिशच्या तोंडात जो मावेल तो त्याचा घास, शिवाय त्याचे काटे विषारी. घरात लहान मुलं असतील तर विषयच नको.

खरी फसगत होते ती डॅमसेलमध्ये. स्वस्त, चिवट आणि दिसायला गोड, म्हणून ‘टाकी सुरू करायला हेच टाका’ असं सांगतात. समुद्रात डॅमसेल खडकाचा एक तुकडा आपला मानून राखतो. दोन फुटांच्या टाकीत ती हद्द या काचेपासून त्या काचेपर्यंत पोचते. आधीचे तीन डॅमसेल महिन्याभरात एकच उरतात, आणि उरलेला नव्या माशाला पहिल्या रात्रीच फाडतो. त्याला बाहेर काढायचं तर सगळे खडक उपसावे लागतात, कारण तो जाळीला सापडत नाही.

छोट्या टाकीत मासे निवडताना लिटरपेक्षा जागा मोजा. प्रत्येकाचा थर वेगळा आणि बीळ स्वतःचं हवं. आमच्या मते तुमच्या टाकीत चार मासे, पाचवा नाही :

तळाला एक पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत पिस्टल कोळंबी. मधल्या थरात एक फायरफिश. वरच्या निम्म्यात क्लाऊनची एक जोडी, ऑसेलारिस जातीची. क्लाऊनला समुद्रफूल (समुद्रात तो ज्याच्या झुपक्यात राहतो तो जीव, सी अ‍ॅनिमोन) लागतंच असं नाही. छोट्या टाकीत ते आणूच नका. ते सरकत सरकत पंपात अडकतं आणि पाणी नासवतं.

गोबी आणि कोळंबीची जोडी निवांत बघण्यासारखी असते. कोळंबीला नीट दिसत नाही. ती बीळ उकरत राहते आणि एक मिशी सतत गोबीच्या अंगाला लावून ठेवते. गोबी दाराशी पहारा देतो. धोका दिसला की शेपूट थरथरवतो आणि दोघं आत. पण हीच कोळंबी खडक पाडते. म्हणून आधी खडक थेट तळाच्या काचेवर पक्के बसवा, मग भोवती दीड-दोन इंच वाळू पसरा. वाळूवर ठेवलेला खडक ती खालून पोखरते. तो कलंडला तर मासा चेंगरतो, नाहीतर काच तडकते.

फायरफिश एकटाच आणा. दोन आणले आणि जोडी जमली नाही तर एक दुसऱ्याला मारतो. तो घाबरला की सरळ वर उडी घेतो. उघड्या टाकीतला फायरफिश सकाळी फरशीवर सुकलेला सापडतो. खिडकीला मच्छरजाळी बसवणाऱ्याकडून टाकीच्या मापाची फ्रेम करून घ्या. जाळी फायबरची हवी, लोखंडी गंजते. वायर आणि पंपासाठी पाडलेली खाच बोटभर जरी उघडी राहिली तरी तो तिथूनच जातो, तीही बुजवा.

फायरफिशऐवजी रॉयल ग्रामा चालतो, त्यालाही एकटंच ठेवायचं. मात्र तो कॅरिबियन समुद्रातला, आपल्याकडे महाग, आणि त्याच्या नावावर डॉटीबॅक खपवला जातो. दोघंही पुढून जांभळे, मागून पिवळे. ग्रामाचे रंग एकमेकांत मिसळत जातात आणि पाठीच्या परावर पुढच्या बाजूला काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे रंग पट्टीनं आखल्यासारखे वेगळे होतात, ठिपका नसतो. तो भांडणात डॅमसेललाही मागे टाकतो.

आत सोडायचा क्रम निवडीइतकाच महत्त्वाचा. सगळ्यात भित्रा आधी, दांडगा शेवटी. पहिल्यांदा गोबी आणि कोळंबी, पंधरा-वीस दिवसांनी फायरफिश, आणखी तितक्याच दिवसांनी क्लाऊन. उलट केलंत तर क्लाऊन टाकीचे मालक होतात आणि फायरफिश खडकामागून बाहेर येत नाही. खाणंही दोन टोकांना घाला : एका बाजूला क्लाऊनला गुंतवा, दुसरीकडे ड्रॉपरनं गोबी आणि फायरफिशला गोठवलेली मायसिस कोळंबी द्या. बाजारातल्या सुक्या जवळ्यावर भागवू नका, त्यात रेती आणि मीठ असतं.

आणि हे सगळं टाकी तयार असेल तर. पाणी स्वच्छ दिसणं ही खूण नव्हे. मासे पाण्यात अमोनिया सोडतात, आणि तो त्यांनाच विषारी असतो. मासा नसलेल्या टाकीत दर लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतका अमोनिया घाला. चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर ही विषं पचवणारे जिवाणू जमले. नाही आले तर थांबा, चार-सहा आठवडे सहज लागतात. समुद्री पाण्याचा पीएच ८ च्या वर असतो, त्यामुळे तेवढाच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा इथे कितीतरी घातक ठरतो. गोल्डफिश सांभाळलेल्यांचा अंदाज इथेच चुकतो.

प्रश्न : दोन क्लाऊन आणले. मोठा लहानाला सारखा हाकलतो. लहान आडवा होऊन थरथरतो. आजारी आहे का? (कागल)

बहुतेक नाही. ते थरथरणं म्हणजे ‘तू मोठी, मी ऐकतो’ असं सांगणं. क्लाऊन आधी नर असतात. जोडीतला वरचढ मासा मादी होतो, दुसरा नर राहतो, आणि मादीचा नर होत नाही. म्हणून घेताना एक ठळकपणे मोठा आणि एक लहान, एकाच जातीचे घ्या. दोन्ही मोठे घेतलेत आणि दोघीही माद्या निघाल्या तर समेट होत नाही. ‘मरून’ जातीचा (गडद लालसर) क्लाऊन इतर क्लाऊनसोबत ठेवूच नका.

पर फाटलेत, लहान मासा दिवसभर वरच्या कोपऱ्यात हीटरमागे अडकलाय, खात नाही, असं दिसलं तर मात्र वाट बघू नका. मोठ्याला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घालून त्याच टाकीत आठवडाभर ठेवा. लहानाला तेवढ्यात जागा सापडते. कैदेत ठेवायचं ते मारणाऱ्याला, मार खाणाऱ्याला नव्हे.

प्रश्न : मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मासे मागवतो. सकाळी पिशवी उघडून नळीनं थेंब थेंब करत दोन तास टाकीचं पाणी सोडतो, तरी दुसऱ्या दिवशी मासे मरतात. चूक कुठे? (शाहूपुरी, कोल्हापूर)

त्या दोन तासांतच. रात्रभर बंद पिशवीत मासा श्वास सोडतो, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरतो. त्याच पाण्यात अमोनियाही साठतो, पण उतरलेल्या पीएचमुळे तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे तुम्ही माशाला दोन तास विषात हळूहळू मुरवता.

असं करा. विक्रेत्याला आधीच विचारा, पाण्याची घनता (मीठ जास्त तितकी ती जास्त) किती ठेवतो. बरेच जण १.०१८ ते १.०२० ठेवतात, आपली टाकी १.०२५ ला असते. एका २५-३० लिटरच्या टबात त्याच्याच घनतेचं पाणी तयार ठेवा. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं टबात तरंगू द्या म्हणजे तापमान जुळेल. मग उघडा, मासा छोट्या भांड्यानं उचलून लगेच टबात सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्यानंतर घनता चार-पाच दिवसांत हळूहळू १.०२५ वर न्या.

हाच टब चार आठवडे विलगीकरणाचा. त्यात स्पंज फिल्टर (त्याचा स्पंज महिनाभर आधी मुख्य टाकीत ठेवून मुरवलेला), हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, बस्स. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर तांब्याचं औषध याच टबात, आणि तेही चाचणी किटनं मोजत. मुख्य टाकीत एकदा तांबं गेलं की कोळंबी मेलीच म्हणून समजा.

तांब्यावरून आठवलं : घरच्या आरओचं पाणी वापरत असाल तर मशीन ‘कॉपर’वालं आहे का बघा. असेल तर ते पाणी नको. साध्या मशीनमध्येही बऱ्याचदा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चव यावी म्हणून कच्चं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करून घ्या, पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणारा) फिल्टर जोडा आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसेल तेच पाणी घ्या. नळाचं पाणी क्लोरिनसकट सरळ वापरणं, त्यातून पावसाळ्यात गढूळ येतं तेव्हा, म्हणजे शेवाळ्याला आमंत्रणच.

प्रश्न : गणपतीपुळ्याहून समुद्राचं पाणी आणि दगड आणले तर मिठाचा खर्च वाचेल का? (इचलकरंजी)

मिठाचा वाचेल, माशांचा वाढेल. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ, बोटींचं तेल आणि परजीवी असतात. पावसाळ्यात नद्यांचं पाणी मिसळून खारटपणा उतरतो. कॅनमध्ये अंधारात तीन-चार तासांचा घाट उतरून-चढून येईपर्यंत त्यातले सूक्ष्म जीव मरून पाणी कुजायलाही लागतं. ५५ लिटरला साधारण दोन किलो मीठ लागतं, दर आठवड्याला पाच-सहा लिटर पाणी बदलायला पाव किलोच्या आत. त्यासाठी एवढी यातायात कशाला?

दगडांचं तर बोलूच नका, त्यात प्रवाळ असू शकतात. प्रवाळ आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, समुद्री घोडेही. ते उचलणं, विकत घेणं, पाळणं गुन्हा आहे. सिरॅमिकचे सच्छिद्र कृत्रिम खडक मिळतात, जिवाणू त्यावर तितकेच छान बसतात. क्लाऊनसुद्धा टाकीत जन्मलेलाच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे, आणि असा मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो.

प्रश्न : उन्हाळ्यात पाणी ३१ अंशांवर जातं, पावसाळ्यात वीज जाते. चिलर परवडत नाही. (गडहिंग्लज)

पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका झोत येईल असा छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. त्याबरोबर बाष्पीभवन वाढतं. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. ५५ लिटरमधलं ५ लिटर उडालं तर लिटरमागे ३५ ग्रॅमचा खारटपणा ३८ च्या पुढे जातो. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीला मार्करनं रेघ मारा आणि रोज त्या रेघेपर्यंत गोडं पाणी घाला, खारं नाही.

विजेसाठी बॅटरीवरचा एअर पंप आणि एक जादा बॅटरी. कोल्हापूर भागानं २०१९ आणि २०२१ च्या पुरात दिवसच्या दिवस वीज गेलेली पाहिली आहे, तेव्हा इन्व्हर्टरवर एकट्यानं विसंबू नका. काहीच नसेल तर मगानं पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओता, दर पंधरा मिनिटांनी. त्या काळात खाणं बंद. बाहेरचा कॅनिस्टर फिल्टर चार-पाच तास बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तो तसाच चालू करू नका. आतलं सडकं पाणी आधी बादलीत ओता, स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या आणि मगच बटण दाबा.