चकचकीत पत्रा का तापतो?

प्रश्न : आम्ही यंदा घरावर जस्ताचा मुलामा असलेले नवे पत्रे घातले. ते आरशासारखे चकाकतात, तरीही एप्रिलच्या दुपारी त्यांना हात लावता येत नाही. शेजारच्यांच्या जुन्या पत्र्यांवर चुना मारलेला आहे आणि त्यांचे घर आमच्यापेक्षा गार असते. चकचकीत वस्तू ऊन परावर्तित करते ना? – एक वाचक, विदर्भ

उत्तर : करते, पण हिशेब तेवढ्यावर संपत नाही. नवा पत्रा बरेचसे ऊन परतवत असला, तरी उरलेले शोषतोच. चुन्याचा ताजा, दाट हात त्याहून कमी शोषतो. खरा फरक मात्र शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात आहे आणि ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे आपल्या ध्यानातच येत नाही.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण, म्हणजे प्रकाशासारख्या लहरींच्या रूपातली ऊर्जा, बाहेर टाकत असते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असल्याने त्याच्या प्रारणाचा भर ०.५ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे दृश्य प्रकाशात असतो. ६० अंशांपर्यंत तापलेल्या पत्र्याचा भर ९ मायक्रोमीटरच्या जवळ, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात असतो. जो पृष्ठभाग ज्या तरंगलांबीचे प्रारण चांगले शोषतो, तो त्याच तरंगलांबीचे उत्सर्जनही चांगले करतो, हा नियम जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताफ किरखॉफ यांनी १८५९ साली मांडला. आपल्या नजरेला पांढराशुभ्र दिसणारा चुना या लांब तरंगांच्या बाबतीत जवळजवळ काळा, म्हणजे ते बहुतेक सगळे शोषणारा आणि तसेच बाहेर टाकणारा असतो, म्हणून ६० अंशांना त्याचा एक चौरस मीटर भाग सुमारे ६०० वॅट बाहेर टाकतो. चकचकीत जस्त तेथेही आरसाच राहते आणि त्याच तापमानाला जेमतेम त्याच्या पाव हिस्सा उत्सर्जन करते. त्यामुळे आलेली उष्णता वाऱ्याने नेली तेवढीच जाते आणि वारा पडला की पत्रा भाजू लागतो.

पत्र्याच्या दोन तुकड्यांपैकी एकावर चुना मारून दोन्ही भर दुपारी तासभर उन्हात ठेवा आणि खालच्या बाजूने अलगद बोट लावून पाहा. फरक लगेच कळेल.

तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर पत्र्यांना वरून चुना किंवा पांढरा रंग अवश्य द्यावा. चुना पावसात धुऊन जातो, त्यामुळे तो दर वर्षी मारावा लागतो. खालची बाजू मात्र रंगवू नये. तिचे कमी उत्सर्जन तेथे आपल्या फायद्याचे असते, कारण तापलेला पत्रा घरातल्या माणसांकडे तेवढीच कमी उष्णता टाकतो.