वेगमर्यादेबद्दलच्या जनजागृती मोहिमांचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण नुसत्या फलकांनी नाही. ‘वेग आवरा, जीव सावरा’ वाचून कोणी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्यांसाठी लिहिलंय. माझा गाडीवर ताबा आहे. हा समज मोडणारी मोहीमच कामाची.

न्यूझीलंडची २०१४ मधली जाहिरात आठवा. धडकेच्या क्षणभर आधी काळ थांबतो, दोन्ही चालक खाली उतरतात. चुकून आडवा आलेला बाप विनवतो, मागे माझा मुलगा बसलाय. दुसरा हताशपणे सांगतो, माझा वेग फार आहे, आता थांबवता येणार नाही. रक्ताचा थेंबही दिसत नाही, तरी पोटात गोळा येतो. चूक समोरच्याचीही होऊ शकते आणि तेव्हा आपला वेगच ठरवतो कोण वाचणार, हे त्यातून थेट कळतं.

साधं गणितही सांगायला हवं. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने गेलात, तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर जवळजवळ पावणेदोन पट होतं. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं!

आणि मोहिमेच्या जोडीला कॅमेरे, दंड हवेतच. पकडले जाण्याची खात्री नसेल, तर जाहिरातीचा परिणाम लवकर ओसरतो.