आबांचे डोळे आणि माहुलीचा कावळा

चिऊ,

रविवारी तू विचारलंस आणि मी "नंतर सांगते" म्हणून भांड्यांकडे वळले. प्रश्न सरळ होता. आबा आयुष्यभर लोकांना डोळे दान करायला सांगत होते, मग त्यांच्या दहाव्याला सगळे कावळ्याची वाट बघत का बसले होते? आणि आबांचे स्वतःचे डोळे का नाही दिले? दुसरा प्रश्न जास्त लागला, म्हणून आधी तोच घेते.

आबांचे डोळे घेता आले नाहीत. शेवटच्या आठवड्यात रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता. सेप्सिस असला की डोळे घेत नाहीत, कारण ज्याला ते बसवायचे त्यालाही संसर्ग होऊ शकतो. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, रेबीज, रक्ताचा कर्करोग यांनाही हाच नियम. मामाने नेत्रपेढीला फोन वेळेत केला होता, पण पलीकडून नकार आला. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, साखर, बीपी, अगदी नव्वदीतलं वय, सगळं चालतं. आबांच्या वाट्याला नेमकं न चालणारं आलं.

आता आबा नेमकं काय करायचे, ते सांगते. तुला त्यांच्या सत्काराचे फोटो माहीत आहेत, पण शालीत गुंडाळलेल्या माणसावरून काही कळत नाही.

साताऱ्यात आपल्या पेठेत कुणी गेलं की भटजींना निरोप जायचा, कुणी बांबू-मडक्याच्या मागे लागायचं आणि मग कुणीतरी म्हणायचं, आबांना सांगा रे. आमच्या जिन्याखालचा फोन वाजला की आजी आधी चहा टाकायची, मग निरोप विचारायची. आबा त्या घरात शिरून नेत्रदानाचं नाव काढत नसत. म्हणत, "पंखा तेवढा बंद करू या." लोकांना वाटायचं, समईची ज्योत विझू नये म्हणून. खरं कारण वेगळं. पापण्या अर्धवट उघड्या असतात आणि वरून वारा लागला की बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सुकायला लागतो. सुकला की तो उपयोगाचा राहत नाही. मग पापण्या हलकेच मिटायच्या आणि वर स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या. पिळून, कारण निथळता कापूस गालावरून ओघळतो आणि घरच्यांना वाटतं डोळ्यांतून पाणी आलं. सुकला की पुन्हा ओला करायचा. एसी असेल तर राहू द्यायचा.

खरी अडचण उशीची. डोकं सहा इंच तरी वर हवं, म्हणजे रक्त डोळ्यांकडे उतरत नाही आणि नंतर पापणीतून ओघळ येत नाही. आपल्यात माणसाला जमिनीवर घेतात आणि घरातली एखादी म्हातारी उशी हमखास काढून टाकते. आबा तिच्याशी वाद घालत नसत. सतरंजीची घडी करून डोक्याखाली सारायचे आणि म्हणायचे, "मान अवघडलीय वाटतं." मेलेल्या माणसाची मान! पण ती घडी कुणी काढायचं नाही.

विचारायचं कुणाला, यातच त्यांची सगळी विद्या होती. रडणाऱ्या मुलाला कधीच नाही. चहाचे कप उचलणारी सून किंवा दाराशी फोनवर बोलणारा जावई गाठायचे. ती दोघं मग आत जाऊन योग्य माणसाशी बोलत. सही मात्र जवळच्याच नातेवाइकाची लागते, शिवाय दोन साक्षीदारांच्या सह्या आणि डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला. गेलेल्या माणसाने हयातीत अर्ज भरलेला असला तरी घरच्यांनी फोन केला नाही तर तो कपाटातच राहतो.

आणि वेळ किती, तर सहा तास. "मुंबईहून थोरला येऊ दे, मग बघू," या एका वाक्यात जितके डोळे गेले तितके नकारात गेले नसतील, असं आबा म्हणायचे. डोळे काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तपासणीसाठी थोडं रक्त घेतात. कधी फक्त कॉर्निया घेतात, कधी पूर्ण डोळा. पूर्ण घेतला तर खोबणीत प्लॅस्टिकची वाटी किंवा कापूस ठेवून पापण्या मिटवतात. थोरला आला तरी त्याला चेहरा तसाच दिसतो. कॉर्निया औषधी द्रावणात ४ अंश सेल्सिअसला ठेवतात, साध्या द्रावणात चारेक दिवस टिकतो. दोन डोळे सहसा दोघांना जातात. काचबिंदूने किंवा डोळ्याच्या आतला, मागचा पडदा खराब होऊन गेलेली नजर मात्र याने परत येत नाही. हे आबा आवर्जून सांगत, नाहीतर लोक आपल्याच घरातल्या आंधळ्या आजीला बसवा म्हणायचे.

"पुढच्या जन्मी आंधळा जन्मतो," असंही कुणी म्हणायचं. आबांबरोबरची तरुण मुलं यावर "नाहीतरी राखच होणार" म्हणत, त्यांना आबा घरी आणून झापायचे. सुतकाच्या घरात हे वाक्य गेलं की दार बंद. आबा "बरं" म्हणून गप्प बसत. निम्म्या वेळा कुणी पुन्हा बोलवायचं, निम्म्या वेळा नाही.

एक गोष्ट मला तेव्हाही पटली नाही. डोळे कुणाला बसले ते घरच्यांना सांगत नाहीत, तो नियम ठीक आहे. पण सगळेच बसवता येत नाहीत, काही शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाला किंवा संशोधनाला जातात, हे आबा कुणी विचारलं तरच सांगत. मला वाटायचं आधीच सांगावं. ते म्हणायचे, त्या अर्ध्या तासात माणसाच्या कानात किती ओतायचं? कोण बरोबर, मला अजून ठरवता येत नाही.

आता कावळा. ज्या घरात आबा पंखा बंद करायला जायचे, त्याच घराच्या दहाव्याला ते संगम माहुलीलाही जायचे. कृष्णा-वेण्णेच्या घाटावर पिंड ठेवून लोक मागे सरले की आबा सगळ्यांना आणखी वीस पावलं मागे हटवायचे. गर्दी जवळ असेल तर कावळा उतरत नाही. कुत्रं असेल तरी नाही. उन्हं चढल्यावर आलात तर आधीच्या पिंडांवर त्याचं पोट भरलेलं असतं. तोवर घरचे एकेक कबूल करत राहतात, धाकटीचं लग्न करू, जमिनीचं भांडण मिटवू. नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि मंडळी घरी येतात. तुला हे अंधश्रद्धा वाटेल, वाटू दे. मला त्यात इतकंच दिसतं, की एरवी भावाभावात न निघणारं बोलणं तिथे मोठ्याने निघतं.

तू फोनवर पाहिलंस ते हेच. मामाने हात जोडले तेव्हा आवाज तुटला होता, म्हणून तुला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "आबा, जिन्याखालचा फोन बंद करत नाही." त्यानंतर कावळा आला. मामीचं म्हणणं, तिने तेवढ्यात कुत्रं हाकललं म्हणून आला.

मे महिन्यात जाऊ तेव्हा त्या फोनच्या वर चिकटवलेली चिठ्ठी बघ. आबांच्या अक्षरात सात ओळी आहेत, नंबर सगळ्यात खाली. पहिल्या ओळीत फक्त "पंखा" लिहिलंय, दोनदा अधोरेखित.

तुझी आई