आधी तलाव मोज, मग अर्ज लिही

प्रिय पोरी,

तलावातला गाळ काढायला पैसे मागणारा तुझा अर्ज दोनदा वाचला. चार पानं भरलीस, कळकळ ओळीओळीत दिसते. पण तलाव किती लांब, किती रुंद आणि गाळ किती खोल, हे कुठेच नाही. पैसे देणारा माणूस पहिल्यांदा तेच शोधतो, म्हणून आज फक्त त्यावरच बोलते.

तुमचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतला. त्या कामावर सुकडी, म्हणजे दुष्काळात मिळायचं ते कोरडं खाणं, खाऊन माती वाहिलेल्या एक-दोन आज्या वस्तीवर अजून असतील. तळ तेव्हा कुठपर्यंत होता, हे त्यांना सांडव्यापाशी नेऊन विचार. मग आठ-दहा ठिकाणी खड्डे घे आणि काळा गाळ संपून मुरूम कुठे लागतो ते मोज. समज, १०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद पट्ट्यात सरासरी १ मीटर गाळ भरला, तर तो झाला ६,००० घनमीटर. तो काढला की ६० लाख लिटर पाण्याला जागा झाली. हे एवढं लिहिलंस तरी अर्जाची दोन पानं गाळता येतील.

खोदताना लोभ नको. गाळाखालचा मुरूम उकरायचा नाही, भरावाच्या पायथ्याजवळ मशीन न्यायचं नाही आणि वाळूला हात लावायचा नाही. तलाव कुणाच्या ताब्यात आहे, जिल्हा परिषदेच्या की जलसंधारण विभागाच्या, ते आधी विचार. ग्रामसभेचा ठराव आणि त्या कार्यालयाची परवानगी हातात आल्याशिवाय पोकलेन बोलावू नकोस.

आता पैसा. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना २०१७ पासूनची. २०२३ च्या शासन निर्णयात यंत्र आणि इंधनाच्या खर्चाबरोबर गाळ शेतात नेणाऱ्या अल्पभूधारकांनाही अनुदान ठरलं: घनमीटरला ३५.७५ रुपये, अडीच एकरांपर्यंत, जास्तीत जास्त ३७,५००. विधवा आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांनाही त्यात जागा आहे. ती नावं तूच घरोघर जाऊन लिहून आण, कारण ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही ती माणसं स्वतःहून पुढे येत नाहीत. दर बदलतात, तेव्हा चालू निर्णय तालुक्याला जाऊन बघ.

दुसरी वाट सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी समाजाच्या कामासाठी द्यायच्या पैशाची. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. पण बाहेरच्या संस्थेमार्फत काम करायचं तर त्या संस्थेला किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, शिवाय सीएसआर-१ ही सरकारदरबारची नोंदणी लागते. तुमच्या मंडळाला अजून वर्षही झालेलं नाही. त्यासाठी घाईने कागद रंगवू नकोस. तालुक्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेला सोबत घे आणि कामाचा हिशेब मात्र गावाच्या वहीत ठेव.

मार्च महिन्यात आलेल्या पैशाला जपून हो म्हण. आम्हाला एकदा मार्चच्या सुरुवातीला निरोप आला, महिनाअखेर खर्च दाखवा. आम्ही एका गावात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. वीजबिल कोण भरणार, फिल्टर कोण बदलणार, हे मी कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ते बंद पडलं आणि बायका पुन्हा जुन्याच विहिरीवर गेल्या. त्या बायकांनी मला कधी बोल लावला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. नाही म्हणणं माझं काम होतं.

लोकवर्गणी तू अगदी शेवटच्या ओळीत, 'शक्य झाल्यास' असं म्हणून टाकलीस. ती पहिल्या ओळीत घे. घरटी शंभर रुपये का होईना, आधी गावाचे जमू देत. मशीनच्या तासांची नोंद, डिझेलचे लिटर, ट्रॉलीच्या खेपा, सगळं रोज संध्याकाळी वहीत उतरव आणि दर आठवड्याला पारावर मोठ्यानं वाच. ज्या गावात हिशेब असा उघडा वाचला जातो तिथे भांडण होतं, पण ते लवकर होतं आणि मिटतं. नंतर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चले असा दाखला, लिहायला बसशील तेव्हा हीच वही तुला तारेल.

आणि तलाव भरल्यावर काय? हे तू लिहिलंच नाहीस, मला त्याचीच जास्त काळजी आहे. हिवरे बाजारला ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिकं ठरवते; शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. तुमच्याकडे तलावाच्या काठावर चार मोटारी बसल्या तर साठ लाख लिटर कुणाच्या शेतात जाईल, हे तुलाही ठाऊक आहे. मोटारींचा नियम ठरावात आधी घाला, मशीन नंतर येऊ दे. खालच्या अंगाच्या दहा विहिरींची पातळी आजच मोजून ठेव, म्हणजे पुढच्या वर्षी फरक दाखवता येईल.

मी रविवारी सकाळच्या एसटीनं येते. पन्नास मीटरची टेप, कुदळ आणि चुन्याची पिशवी आणून ठेव. त्या आज्यांना मात्र ऊन चढायच्या आत घेऊन ये.

तुझी,
काकू