तुमचे प्रश्न, आमची उत्तरे : कॉलेजच्या लॅबमधला सामायिक संगणक

प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले, की या सदराच्या टपालात कॉलेजच्या संगणक कक्षाविषयीची पत्रे वाढतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत असे कितीतरी विद्यार्थी आहेत, ज्यांच्या हातात मोबाइल आहे पण घरी संगणक नाही; त्यांच्या वाट्याला येतो तो लॅबमधला संगणक, कोणीतरी नुकताच वापरून उठलेला आणि तासाभरात पुढच्यासाठी रिकामा करून द्यायचा. अशा पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मी शहादा तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीने कॉलेजला येते. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी लॅबमध्ये भरला, आधार आणि उत्पन्नाचा दाखला तिथूनच अपलोड केला आणि गाडीची वेळ झाली म्हणून सगळ्या खिडक्या बंद करून निघाले. दुसऱ्या दिवशी समजले, की माझ्या जीमेलवरून वर्गातल्या मुलींना कोणीतरी वाईटसाईट मजकूर पाठवला आहे. घरी सांगायची भीती वाटते. मी काय करू?

उत्तर : पुढचे वाचण्याआधी मोबाइलवरून जीमेलचा पासवर्ड बदला. मग गूगल खात्याच्या ‘सुरक्षा’ या विभागात जा; तुमचे खाते कोणकोणत्या उपकरणांवर उघडे आहे याची यादी तिथे दिसते. त्यातला लॅबचा संगणक निवडून तिथून साइन आउट करा. त्याच ठिकाणी खाते परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक आणि दुसरा ईमेल पत्ता तुमचाच आहे ना, हेही तपासा, कारण खोडसाळपणा करणारा पुष्कळदा तिथे स्वतःचा क्रमांक घालून ठेवतो. त्यानंतर महाडीबीटीचा पासवर्ड बदला आणि भरलेला अर्ज जसाच्या तसा आहे का, ते एकदा उघडून पाहा.

ब्राउझरची खिडकी बंद केल्याने खाते बंद होत नाही. तुम्ही आत आलेल्या आहात याची खूण ब्राउझर त्याच संगणकावर जपून ठेवतो, आणि पुढच्या माणसाने तीच वेबसाइट उघडली की खाते थेट समोर येते; त्याला पासवर्ड माहीत असण्याची गरजच पडत नाही. म्हणून आधी साइन आउट, मग खिडकी बंद, हाच क्रम ठेवावा. त्याहून बरे म्हणजे क्रोममध्ये काम सुरू करतानाच ‘गेस्ट’ हा पर्याय निवडावा. ‘गेस्ट’च्या सगळ्या खिडक्या बंद केल्या, की त्या खुणा आणि पाहिलेल्या पानांची नोंद आपोआप पुसली जाते.

एक गोष्ट मात्र ‘गेस्ट’मध्येही पुसली जात नाही, आणि माझ्या मते तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. डाउनलोड केलेल्या फाइली संगणकावर तशाच राहतात. कोणत्याही कॉलेजच्या लॅबमध्ये अर्जांच्या दिवसांत ‘डाउनलोड्स’ हा फोल्डर उघडून पाहावा : आधार, जातीचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, बारावीची गुणपत्रिका, असे एकाखाली एक, निरनिराळ्या मुलामुलींचे कागद तिथे पडलेले असतात. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, हे खरे. पण तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष असा ठरलेला असतो, आणि वर्गातल्या मैत्रिणीचे नाव व जन्मवर्ष कोणाला माहीत नसते? म्हणून उठण्यापूर्वी आपल्या फाइली निवडून शिफ्ट आणि डिलीट ही दोन्ही बटणे एकदम दाबून काढाव्यात. नुसते डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते. जिथे पूर्ण आधार क्रमांक मागितलेला नाही, तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ वापरावे.

राहिली तक्रार. ज्या संगणकावर बसला होता त्याचा क्रमांक आणि वेळ लिहून लॅबच्या प्रमुखांना लेखी द्या. तुमच्यानंतर कोण बसले, हे तिथल्या रजिस्टरवरून कळू शकते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 66सी खाली गुन्हा आहे आणि त्याला 3 वर्षांपर्यंत कैद व 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कॉलेजने दखल घेतली नाही, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. आणि घरी अवश्य सांगा. एसटी चुकू नये म्हणून घाई झाली, यात लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटायला हवी ती उघडे खाते पाहून त्याचा गैरवापर करणाऱ्याला.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये पेन ड्राइव्ह लावायला बंदी केली आहे. प्रोजेक्टचा रिपोर्ट न्यायचा तरी कसा? ही बंदी जाचक नाही का? (एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर : जाच होतो हे मान्य आहे, पण बंदीमागचे कारण खरे आहे. तुम्ही कधी ना कधी हे पाहिले असेल : पेन ड्राइव्ह उघडला की आपले फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक लहानसा बाण असतो. ते फोल्डर नसून शॉर्टकट असतात. व्हायरसने मूळ फोल्डर लपवून त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवलेले असतात. त्यावर क्लिक केले की आधी व्हायरस चालू होतो आणि लगोलग खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे वापरणाऱ्याला काही बिघडल्याची शंकाही येत नाही. मग त्या संगणकाला जो जो पेन ड्राइव्ह लागेल, त्याला ही लागण होते. छपाईच्या दुकानातून लॅबमध्ये, लॅबमधून घराजवळच्या सायबर कॅफेत आणि तिथून पुन्हा लॅबमध्ये, असा हा फेरा सुरू राहतो.

तुमच्या ड्राइव्हवर असे शॉर्टकट दिसले, तर त्यांच्यावर क्लिक करू नका. मूळ फाइली बहुधा शाबूत असतात. संगणकाला ‘ॲट्रिब’ ही आज्ञा देऊन लॅब असिस्टंट त्या पुन्हा दिसत्या करू शकतात. त्यातले फक्त तुमचे दस्तऐवज आणि छायाचित्रे अद्ययावत अँटिव्हायरस असलेल्या संगणकावर घ्या आणि ड्राइव्ह फॉरमॅट करा. रिपोर्टसाठी गूगल ड्राइव्ह वापरता येईल. जिथे इंटरनेट अगदीच रखडते, तिथे कॉलेजने एक संगणक केवळ पेन ड्राइव्ह तपासण्यासाठी वेगळा ठेवावा, अशी मागणी विद्यार्थ्यांनी जरूर करावी, कारण नुसती बंदी घालून पर्याय न देणे मलाही पटत नाही.

प्रश्न : लॅबच्या संगणकाला मोबाइल चार्जिंगला लावला म्हणून मला बाहेर काढले. एवढ्याशा विजेने काय बिघडते? (भुसावळ)

उत्तर : विजेचा प्रश्न गौण आहे. डेटा केबलने जोडलेला मोबाइल संगणकाला पेन ड्राइव्हसारखाच दिसतो, आणि त्यावर टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय) चालू असेल, तर कॉलेजची फायरवॉल, म्हणजे नको ती माहिती अडवणारी संरक्षक यंत्रणा, ओलांडून बाहेरचे इंटरनेट थेट त्या संगणकात येते. चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावा; मात्र जागा करण्यासाठी यूपीएसवरची दुसरी पिन काढू नका.

प्रश्न : मी चोपडा तालुक्यातल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र लॉगिन आणि दिवसाला ठरावीक वेळ दिली आहे, तरी मुले एकमेकांचे पासवर्ड वापरतात. दंड सुरू करावा का?

उत्तर : ही अडचण संगणकाच्या पासवर्डइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1961 पासून एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत सुरू झाली आणि प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड मिळाला. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला त्यावर आठवड्याला चार तास मिळत, आणि त्याचे काम तेवढ्यात होत नसे. 1962 मध्ये त्याने पासवर्डांची सगळी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावाने तो काम करू लागला. त्याने केले ते चुकीचेच होते, पण त्याची वेळेची गरज खोटी नव्हती.

म्हणून दंडाआधी एक आठवडाभर वेळापत्रकाकडे पाहा. मुले कशासाठी जास्त वेळ बसतात? प्रोजेक्ट आणि अर्जासाठी असेल, तर वेळच कमी पडते आहे. सिनेमे पाहण्यासाठी असेल, तर इलाज वेगळा आहे : 100 एमबीपीएस (इंटरनेटचा वेग मोजण्याचे एकक) वेगाची लाइन 40 संगणकांत वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला अडीच एमबीपीएस येतात, आणि चांगल्या प्रतीचा एक व्हिडिओ साधारण पाच एमबीपीएस खातो, म्हणजे दोघांचा वाटा एकटा घेतो. अशा वेबसाइट अर्जांच्या मुदतीपर्यंत दिवसा बंद ठेवाव्यात.

पासवर्ड देण्यातला धोका मुलांना त्यांच्या हिताच्या भाषेत सांगा. लॉगमध्ये, म्हणजे संगणक आपोआप ठेवतो त्या नोंदींत, नाव नोंदले जाते ते लॉगिनच्या मालकाचे. त्या नावावरून कोणी परीक्षा विभागाच्या सर्व्हरशी छेडछाड केली, तर पहिली नोटीस त्यालाच जाईल, आणि ‘मी मित्राला पासवर्ड दिला होता’ हे सिद्ध करत बसावे लागेल. एवढे समजावूनही जो ऐकणार नाही, त्याचे लॉगिन आठवडाभर बंद करणे पैशांच्या दंडापेक्षा बरे, कारण दंडाची झळ शेवटी शेतात राबणाऱ्या बापाला बसते.

आणि वेळा नव्याने लावताना दुपारचे पहिले तास खेड्यांतून येणाऱ्यांना द्या. गावातच राहणारा मुलगा संध्याकाळी सहालाही लॅबमध्ये बसू शकतो. ज्यांची शेवटची गाडी पाचला सुटते, त्यांची नावे रजिस्टरमधूनच काढता येतील.