मध्वमत वाचायला बसताना

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

मध्वाचार्यांचा द्वैत वेदान्त मुळातून वाचायचा आहे, असं तू कळवलंस. बहुतेकजण पंचभेदांपासून सुरुवात करतात: ईश्वर-जीव, ईश्वर-जड, जीव-जीव, जीव-जड, जड-जड. परीक्षेपुरतं ते ठीक आहे, पण हाती यादी उरते आणि मत निसटतं. तू आचार्यांचं ‘तत्त्वसंख्यान’ घे. जेमतेम ११ श्लोक. पहिल्याच ओळीत आचार्य तत्त्वाची वाटणी करतात: स्वतंत्र आणि अस्वतंत्र. स्वतंत्र एकटा विष्णू. जीव, प्रकृती, काळ सगळं त्याच्या अधीन. जग खरं आहे, पण स्वतःच्या बळावर उभं नाही. एवढं पक्कं झालं की पंचभेद आपसूक जागेवर बसतात आणि प्रकृती आणि पुरुष अशी दोन तत्त्वं मानणाऱ्या सांख्यांशी गल्लतही होत नाही.

सोबत जयतीर्थांची टीका हवीच. आचार्य फार त्रोटक लिहितात. टीकेवाचून वाचलंस तर अर्धा युक्तिवाद तू मनचाच भरशील. (परंपरा जयतीर्थांना आपल्या मंगळवेढ्याचे मानते.) त्यांचा ‘न्यायसुधा’ हा मोठा ग्रंथ मात्र इतक्यात उघडू नकोस. आधी ‘तर्कसंग्रह’ हे न्यायशास्त्राचं प्राथमिक पुस्तक नीट होऊ दे.

मग छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, नऊ वेळा सांगतो, ‘स आत्मा तत्त्वमसि’; अद्वैती याचा अर्थ ‘ते ब्रह्म तूच आहेस’ असा घेतात. आचार्य पदच्छेद करतात ‘आत्मा अतत्’: आ आणि अ मिळून सवर्णदीर्घ संधी, म्हणून अकार दिसत नाही. अर्थ, ‘ते तू नाहीस’. व्याकरणाला हे चालतं. काहीजण यावर हसून पुढे जातात, काहीजण एवढ्यावरच जिंकल्याच्या आनंदात असतात. दोघांचंही चुकतं, कारण खरा वाद दृष्टांतांत आहे. दोरीला बांधलेला पक्षी, मधात मिसळलेले रस, समुद्राला मिळालेल्या नद्या, पाण्यातलं मीठ, डोळे बांधून सोडलेला गांधारचा माणूस, असे नऊही वहीत उतरव. प्रत्येकासमोर लिही: दोन वस्तू कोणत्या, आणि त्या एक झाल्या की फक्त वेगळ्या ओळखू येईनाशा झाल्या? पक्षी आणि त्याचा आधार एक नव्हेत, हे चटकन पटेल. नद्यांपाशी अडखळशील, अद्वैत्यांची बाजू तिथे बळकट वाटते. तिथे घाई नको.

आचार्यांनी दिलेली काही वचनं आज मिळत नाहीत अशा ग्रंथांतली आहेत. अद्वैती पंडित अप्पय्य दीक्षितांनी त्यावर बोट ठेवलं होतं. अशा वचनांवर खूण कर आणि ती वगळून युक्तिवाद टिकतो का ते बघ. माझ्या मते मुख्य मुद्दा टिकतो, कारण त्याचा पाया साक्षी, म्हणजे जीवाची स्वतःची थेट जाणीव, आहे: ‘मी अल्पज्ञ, मी दुःखी’ हा अनुभव. ज्या अनुभवाचा आधार घेऊन श्रुतीचं ऐक्यवाक्य समजून घ्यायचं, त्यालाच ते वाक्य खोटं ठरवू शकत नाही. याला उपजीव्यविरोध म्हणतात.

मुक्तियोग्य (मोक्षाला पात्र), नित्यसंसारी (कायम संसारात फिरणारे), तमोयोग्य (अंधतमसाला जाणारे) हे जीवांचे तीन वर्ग पुष्कळ लेखक संकोचाने गाळतात. तू गाळू नकोस. जीवाजीवांत स्वभावतःच फरक मानला म्हणून मोक्षातही आनंदाचं तारतम्य राहतं. पटो न पटो, हे मताच्या गाभ्यातलं आहे.

जुन्या पुस्तकांत आचार्यांचं जन्मवर्ष ११९९ दिसेल. आंध्रातल्या श्रीकूर्मम् इथला, आचार्यांचे शिष्य नरहरितीर्थ यांचा १२८१चा शिलालेख पाहता १२३८ ते १३१७ हा काळ जास्त जुळतो, तोच धर.

पुढे आचार्यांचाच ‘विष्णुतत्त्वविनिर्णय’ घेऊ. त्याआधी दृष्टांतांची वही पाठव, नद्यांचं पान कोरं असलं तरी चालेल.