आकडा पाचच, मग सुधारणा गेली कुठे?

"कर्ज फिटलं, मुलगी मार्गी लागली, तब्येत बरी आहे, तरी आनंद होता तेवढाच. माझ्यातच काही खोट आहे का?" चिपळूण, गुहागर, दापोली, माझ्याकडे मन मोकळं करायला माणूस कुठूनही येवो, ही तक्रार ठरलेली. एका काकांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

चिपळूणच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सगळा माल चिखलात गेला. त्यानंतर ते आले तेव्हा मी विचारलं होतं, आनंदाच्या शून्य ते दहात स्वतःला कितीवर ठेवाल? "पाच." यंदा पुन्हा आले. दुकान सावरलेलं, हप्ते संपलेले. उत्तर तेच, "पाच."

"म्हणजे एवढी वर्षं फुकटच की, मॅडम!"

जुनी नोंद पुढे ठेवून मी विचारलं, "पुराच्या वेळच्या स्वतःला आज किती द्याल?"

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "दोन. तेही जास्तच."

"मग तेव्हा पाच कसे सांगितलेत?"

"अहो, घरातली सगळी धडधाकट होती. तेच डोंगराएवढं वाटत होतं."

"आणि आताचे पाच?"

"आता मेव्हण्याचं शोरूम रोज समोर दिसतं ना!"

इथे गाठ सुटली. भिंतीवरची पुराची खूण हलत नाही. मनातला पाच हलतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये मांडलेली शून्य ते दहाची शिडी आजही जागतिक आनंद अहवालात वापरतात: वरच्या पायरीवर तुमच्या कल्पनेतलं सर्वांत चांगलं आयुष्य, तळाला सर्वांत वाईट. पण ती कल्पनाच बदलली तर? अमेरिकेत उत्पन्न वाढूनही लोक सांगतात तो आनंद त्या मानानं वाढत नाही, असं अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये दाखवलं. त्यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडताहेत. लोकांची मोजपट्टीच ताणली गेली असेल, ही शंका मला तरी रास्त वाटते.

अर्थात काकांच्या 'दोन'वरही मी डोळे झाकून विश्वास ठेवला नाही. आठवणींनाही आजचा रंग चढतो. माझा भर पहिल्यापासून वागण्यावर. म्हणून विचारलं, पावसाळ्यात रात्री काय करता?

"तेव्हा पाऊस लागला की बॅटरी घेऊन वाशिष्ठीचं पाणी बघायला पुलापर्यंत जायचो. झोप कसली! आता..." ते एकदम हसले. "आता ही म्हणते, पाऊस ऐकू येत नाही तुमच्या घोरण्यात."

एवढं उत्तर मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त पुरतं.

आकडा टाकाऊ नाही. थोड्या आठवड्यांत सातावरून तिनावर घसरलात, तर ते मनावर घ्या, कोणाशी तरी बोला. पण वर्षांचा हिशेब करायचा तर झोप, भूक, कोणाकडे जाणं-येणं होतं, काय टाळता, हे लिहून ठेवा आणि घरच्यांनाही विचारा. त्यांना आपल्याआधी दिसतं. उलटही होतं बरं का: आकडा आठ सांगणारी माणसं महिनोन् महिने कोणाच्या ओटीवर पाऊल ठेवत नाहीत. त्यांची मला जास्त काळजी वाटते.

काकांच्या मेव्हण्याचं शोरूम मात्र बाकी आहे. पुढची भेट त्यासाठीच ठरली आहे.